सिन सिटी: चौकट जशीच्या तशी उचलली, पण शाई आली का?

शाईदौत
फ्रँक मिलरची 'सिन सिटी' ही कॉमिक पुस्तकं शेजारी उघडी ठेवून त्यांवरचा २००५ चा चित्रपट पाहिला की चौकटीमागून चौकट जुळत जाते. माणूस कुठे उभा, खिडकीच्या पट्ट्यांची सावली कुठे, पाऊस कुठल्या कोनातून, सगळं तसंच. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्जने मिलरला सहदिग्दर्शक म्हणून नाव दिलं. डायरेक्टर्स गिल्ड या दिग्दर्शकांच्या संघटनेला ते चालेना, म्हणून रॉड्रिग्जने गिल्डच सोडलं. मूळ कलाकाराला इतका मान क्वचितच कोणी दिला असेल.

तरीही माझी तक्रार आहे. पुस्तकात, क्वचित कुठे एखादा रंग सोडला तर, काळं आणि पांढरं सोडून तिसरं काही नाही. १९९१ मध्ये 'द हार्ड गुडबाय' ही पहिली कथा सुरू झाली तेव्हापासून मिलरची ताकद ही की तो मधला राखाडी रंग वापरतच नाही. अर्धा चेहरा शाईत बुडवतो आणि उरलेला कोरा सोडतो. चित्रपटात मात्र जिकडेतिकडे राखाडी पसरलाय. मांडणी आली, शाई आली नाही, असं माझं मत.

शिवाय एक विचारणा. आमच्या गटाला याच शैलीत तीन मिनिटांचा प्रसंग करायचाय. जागा दादरमधली दहा बाय बाराची खोली, कॅमेरा फोनचा. पांढरं रक्त, पाऊस, काळी पार्श्वभूमी. जाणकारांनी नीट सांगावं.

चौकटराजा
शाईदौत, पूर्ण असहमत.

छापील चौकटीवर डोळा हवा तितका वेळ थांबतो. अर्धा चेहरा काळा असला तरी उरलेला आपण मनाने भरून घेतो. पडद्यावर तीच चौकट दोन सेकंदांत जाते आणि त्यात माणूस मान वळवतो. प्रतिमा निव्वळ दोन रंगांत तोडली की मान वळताना सावलीची कड गालावरून नाकावर, नाकावरून कपाळावर उड्या मारते. नाक एका फ्रेममध्ये असतं, पुढच्या फ्रेममध्ये गायब. अभिनय वाचताच येत नाही. मधले दोन-तीन टप्पे ठेवावेच लागतात.

आणि शाई जिथे हवी तिथे आहेच. सुरुवातीचा गच्चीवरचा प्रसंग बघा. बाईचा लाल झगा, लाल ओठ, बाकी सगळं कृष्णधवल. समोरचा पुरुष तिची सिगारेट पेटवतो तेव्हा ज्योतीबरोबर तिचे डोळे क्षणभर हिरवे होतात. पुस्तकात हा हिरवा नाही. ती चित्रपटाची स्वतःची भर आहे, आणि मिलरच्या हिशेबात चपखल बसते: रंग एकच, आणि तोही जिथे वार करायचा तिथेच. हाच प्रसंग रॉड्रिग्जने आधी करून मिलरला दाखवला आणि मगच मिलर तयार झाला.

पर्जन्यवृक्ष
राखाडी असो नसो, पाऊस अस्सल मिलरचा आहे. पांढऱ्या रेघा, बस्स.

गिरगाव_नाका
माझी तक्रार वेगळीच आहे. निवेदन! पुस्तकात 'द हार्ड गुडबाय'चा नायक मार्व्ह याचे विचार चौकटीच्या कडेला असतात, आपण ते आपल्या वेगाने वाचतो. चित्रपटात तो दार तोडतो आणि त्याच वेळी आपल्याला सांगतो की दार तोडतोय. चित्र आणि आवाज एकच गोष्ट दोनदा सांगतात. त्या कथेत मार्व्ह झालेला मिकी रूर्क आहे म्हणून निभावतं, कारण त्याच्या आवाजात दमलेपण आहे. 'द बिग फॅट किल' या दुसऱ्या कथेत निवेदनाचं ओझं होतं.

चौकटराजा
गिरगाव, हे मात्र मान्य. निवेदनातल्या निम्म्या ओळी काढल्या असत्या तरी एक धागा सुटला नसता.

साउंडवाली
निवेदनाबद्दल थोडं तांत्रिक. ते तोंडाजवळ माइक ठेवून घेतल्यासारखं ऐकू येतं, खोलीची गुंज जवळजवळ नाही. त्यामुळे आवाज डोक्यातून आल्यासारखा वाटतो आणि संवादांपासून वेगळा राहतो. शाईदौत, तुमच्या प्रसंगात निवेदन असेल तर कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून रेकॉर्ड करा, माइक एक वीत लांब आणि ओठांच्या थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटणार नाहीत. पंखा आणि फ्रिज बंद.

हिंसेचा निम्मा परिणाम आवाजात असतो. हाड मोडायला ओल्या फडक्यात गुंडाळलेला मुळा पिळून मोडायचा. फडक्यामुळे वरचा करकरीत आवाज दबतो आणि आतला कडाका राहतो. नुसता मुळा मोडला तर तो मुळाच वाटतो. ठोशाला ओला टॉवेल लादीवर आपटायचा आणि त्याखाली उशीवरचा बुक्का मिसळायचा.

वडाळा_वाचनालय
हिंसेचा विषय निघालाच आहे तर. रक्त पांढरं केलं की ते रक्त राहत नाही, रेखाटन होतं. म्हणून हात तुटले, मुंडकी उडाली तरी प्रेक्षक बसून राहतो. पण त्याच सोयीमुळे चित्रपट कशाचीही किंमत मोजत नाही, असं मला ठामपणे वाटतं. त्यातल्या बायका एकतर मरतात, नाहीतर पुरुषाने वाचवायच्या असतात. 'द बिग फॅट किल'मध्ये ओल्ड टाउनच्या बायका शस्त्र धरतात हे खरं, पण कॅमेरा त्यांच्याकडे बघतो ती नजर तीच राहते. शैलीवर प्रेम करा, पण हे बघूनही करा.

चौकटराजा
ताई, मुद्दा बरोबर आहे आणि तो मूळ पुस्तकांनाही लागू होतो. इतकी निष्ठा ठेवली की मूळचे दोषही जसेच्या तसे येतात. रॉड्रिग्जने तिथे हात घालायला हवा होता.

कीफ्रेम
आता शाईदौत यांच्या कामाचं. मूळ चित्रपट ऑस्टिनच्या स्टुडिओत डिजिटल कॅमेऱ्यांवर, बहुतांश हिरव्या पडद्यापुढे झाला (मागचा हिरवा नंतर काढून तिथे हवं ते चित्र बसवतात). केडीजचा बार खराखुरा बांधलेला सेट होता. कलाकार वेगवेगळ्या दिवशी येत आणि नंतर एका चौकटीत बसवले जात. रूर्क आणि एलायजा वूड यांची मारामारी पाहा, चित्रीकरणात दोघांची गाठसुद्धा पडली नव्हती! तेव्हा एका खोलीत जमेल का, तर जमेल, पण जागेचा हिशेब आधी.

बारा फूट लांबी धरा. पडद्यापासून कलाकार किमान सहा फूट पुढे हवा, नाहीतर हिरवा रंग खांद्यांवर आणि जबड्याखाली उमटतो. कॅमेऱ्याला साडेपाच फूट उरतात. फोनच्या मुख्य लेन्सने तेवढ्यात मांडीपासून वरचा माणूस मावतो. दुप्पट झूमची लेन्स लावली तर छातीपर्यंतच. म्हणजे पूर्ण उंचीचा शॉट या खोलीत होणार नाही, तो गच्चीवर घ्या.

कापड: सुती, मॅट, चकाकी नसलेलं. मंगलदास मार्केटमध्ये थानातून कापून मिळतं. पॉलिस्टर घेऊ नका, दिव्याचा पांढरा डाग पडतो आणि तिथे 'की', म्हणजे हिरवा वेगळा काढण्याचं काम, फाटतं. इस्त्री करून, चारही बाजूंनी चिमटे लावून ताणायचं. प्रत्येक सुरकुती म्हणजे वेगळी हिरवी छटा.

प्रकाश: पडद्याला दोन्ही बाजूंनी एकेक चार फुटी एलईडी ट्यूब, कलाकाराच्या दिव्यांपासून पूर्ण वेगळी. लोहार चाळीत मिळते, पण घेण्याआधी लावून फोनने बघा. स्वस्त ड्रायव्हरची ट्यूब लुकलुकते आणि चित्रात आडवे पट्टे फिरतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. १/६० ठेवलं की घोळ. वेव्हफॉर्मवर (उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) पडदा ४० ते ५० टक्क्यांत, डावीकडून उजवीकडे सपाट रेघ दिसली पाहिजे. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. फोन आपणहून बदलत राहिला तर प्रत्येक शॉटची 'की' नव्याने लावावी लागते.

बहुतेक फोन रंगाची माहिती चमकेच्या तुलनेत चौथाईच साठवतात. त्यामुळे केसांच्या कडेला पायऱ्या दिसतात. केस विंचरून, तेल लावून बसवा किंवा टोपी द्या. मिलरच्या जगात टोपी शोभतेच.

काळाकोट
कीफ्रेम, एवढा खटाटोप कशाला? पार्श्वभूमी काळीच हवी आहे ना? मग काळं मखमली कापड मागे लावा आणि मोकळे व्हा. सुती काळं नको, ते दिव्याखाली करडं दिसतं. कलाकाराच्या मागे डाव्या-उजव्या बाजूला एकेक दिवा, खांद्यांच्या थोडा वर, लेन्समध्ये उजेड शिरणार नाही असा पुठ्ठ्याने आडवलेला. केसांना, खांद्यांना, बाहीला पांढरी कड मिळते. समोरून एकच लहान दिवा, ४५ अंशांत. दुसरा गाल काळाच राहू द्या. 'की' नाही, हिरवा सांडणं नाही, शाई मात्र भरपूर.

कीफ्रेम
काळाकोट, एका माणसाच्या शॉटला हेच उत्तम. पण मागे शहर, जिना, पट्ट्यांची खिडकी बसवायची असेल तर काळे केस काळ्या कापडात मिसळतात आणि वेगळे काढता येत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी आकृती हवी असेल तरही हिरवा पडदाच लागेल. माझा सल्ला: सत्तर टक्के शॉट काळ्यावर, उरलेले हिरव्यावर.

शाईदौत
दोघांचेही आभार. पांढऱ्या रक्ताचं काय? नुसता पांढरा रंग ओतला तर दूध सांडल्यासारखं दिसेल अशी धास्ती वाटते.

कीफ्रेम
धास्ती योग्य आहे. पांढऱ्या द्रवावर सावल्या पडतात, गोलाई येते, म्हणून तो दूध वाटतो. मिलरचं रक्त सपाट आहे, त्याला सावली नाही. चित्रपटात त्यांनी चमकणारा फ्लुरोसंट लाल द्रव वापरला, त्यावर अल्ट्राव्हायोलेट दिवा टाकला आणि तेवढाच भाग नंतर पांढरा केला. द्रव स्वतःच उजळत असल्याने सावली जवळजवळ पडत नाही आणि भाग वेगळा निवडणंही सोपं जातं.

घरगुती कृती: २०० मिली लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास), ८० मिली कोमट पाणी, एक चमचा कॉर्नफ्लोअर आधी थंड पाण्यात कालवून. त्यात फ्लुरोसंट नारिंगी-लाल पोस्टर कलर, चमच्याचमच्याने, द्रवातून बोट दिसेनासं होईपर्यंत. फार पातळ झालं तर कपड्यात जिरतं, फार घट्ट झालं तर मधासारखं लोंबतं. तोंडात, डोळ्यांजवळ अजिबात नको. तोंडातून रक्त यायचं असेल तर त्या शॉटपुरता खाद्यरंग वापरा. जमिनीवर प्लास्टिक अंथरा, चिकट आणि निसरडं दोन्ही होतं, आणि तासाभरात मुंग्या.

एडिटमध्ये 'क्वालिफायर' या रंग निवडण्याच्या साधनाने तो नारिंगी निवडायचा, रंग शून्य करायचा, चमक वर न्यायची. त्वचेचा रंगही नारिंगीच्याच घरातला असतो, म्हणून निवड गडद, संपृक्त छटेपुरतीच ठेवा आणि मास्क लावा, नाहीतर नाकाचं टोकही पांढरं होईल. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे सगळं होतं.

रंगशून्य
कीफ्रेम यांच्या कृतीला एक जोड. कृष्णधवल करताना नुसतं सॅच्युरेशन शून्य करू नका, चॅनल मिक्सर (लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण बदलणारं साधन) वापरा. लाल चॅनल पूर्ण घेतला तर लाल रक्त आपोआप फिकट होतं, पण ओठही नाहीसे होतात आणि चेहरा मेणाचा दिसतो. निळा चॅनल वाढवला की उलट: त्वचा काळवंडते, प्रत्येक वण, खड्डा, दाढीचं खुंट वर येतं. मार्व्हसारख्या चेहऱ्याला निळा-हिरवा, गच्चीवरच्या बाईसारख्या चेहऱ्याला लाल. निळ्या चॅनलमध्ये चित्रातले दाणे (नॉइज) सर्वांत जास्त असतात, पिवळ्या बल्बच्या उजेडात तर फारच. म्हणून भरपूर पांढरा उजेड देऊनच शूट करा.

मग कर्व्ह, म्हणजे किती उजेड काळ्यात जाईल आणि किती पांढऱ्यात हे ठरवणारी रेघ. खालचे वीस टक्के थेट काळ्यात, सत्तरच्या वरचं थेट पांढऱ्यात, मधे खडा चढ. शाईदौत यांना खुपणारा राखाडी याच चढात ठरतो. चढ जितका खडा, तितकी शाई जास्त आणि अभिनय कमी. चेहऱ्यावर चढ थोडा सौम्य, कपड्यांवर आणि भिंतींवर पूर्ण खडा, असं दोन थरांत केलं तर चौकटराजा आणि शाईदौत दोघंही खूश. शेवटी थोडे दाणे घाला, नाहीतर इंटरनेटवर चढवल्यावर काळ्या भागात पट्टे पडतात.

माटुंगा_पूर्व
यलो बास्टर्ड या पिवळ्या खलनायकाचा पिवळा कसा केला? ते काम करणाऱ्या निक स्टालला पिवळं रंगवलं की नंतर?

कीफ्रेम
पिवळा आणि हिरवा पडदा शेजारी आले की 'की' गोंधळते, म्हणून त्याचा मेकअप निळा होता आणि नंतर तो पिवळा केला. तिन्ही मोठ्या कथांच्या इफेक्ट्सना तीन वेगळ्या कंपन्या होत्या: 'हार्ड गुडबाय' हायब्राइडकडे, 'बिग फॅट किल' कॅफे एफएक्सकडे, 'यलो बास्टर्ड' द ऑर्फनेजकडे. लक्ष देऊन पाहिलं तर राखाडीचा पोत तिन्हींत थोडा वेगळा जाणवतो.

डोगाभक्त
मंडळी, आपल्याकडे हे डोगावर का होत नाही? राज कॉमिक्सचा डोगा तर मुंबईचाच. कचऱ्यात सापडलेलं पोर, अदरक चाचाच्या व्यायामशाळेत घडलेलं, कुत्र्याचा मुखवटा, गुन्हेगाराला पोलिसांकडे न देता जागीच निकाल. गल्ल्या, गटारं, लोकलचे रूळ, सगळं आयतं आहे. माहीमच्या खाडीवर रात्री पाऊस, आणि मुखवट्याला तेवढा एकच रंग!

चौकटराजा
डोगाभक्त, कल्पना झकास, पण डोगाची चित्रं रंगीत आणि गजबजलेली आहेत. त्याला 'सिन सिटी'चा साचा लावला तर तो डोगा राहणार नाही. प्रत्येक कॉमिकची स्वतःची छपाई असते, चित्रपटाने ती शोधायची असते. मिलरचंच '३००' बघा. ती १९९८ ची कॉमिक मालिका, दोन पानं मिळून एक चित्र, नंतरचं एकत्रित पुस्तकही आडव्या आकाराचं. रंग भरणाऱ्या लिन व्हार्लीचे मातकट, तांबूस रंग. झॅक स्नायडरने काळे भाग दाबून आणि रंग भडक करून तेच पडद्यावर आणलं. सगळे मिलरचं नाव घेतात, व्हार्लीचं कोणी घेत नाही, याचा राग येतो. लढाईच्या त्या लांबलचक शॉटमध्ये वेगवेगळ्या लेन्सचे तीन कॅमेरे एकत्र लावून एकाच वेळी चालवले, म्हणून वेग न तुटता चित्र जवळ-लांब होतं.

जजसाहेब
आणि 'जज ड्रेड' या कॉमिकवरचा २०१२ चा 'ड्रेड'? कार्ल अर्बन अख्ख्या चित्रपटात हेल्मेट काढत नाही. १९७७ पासून कॉमिकमध्ये ड्रेडचा चेहरा दिसत नाही, ती अट पाळली. चौकट एकही जशीच्या तशी नाही, तरी मला तो 'सिन सिटी'पेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. स्लो-मो नावाच्या नशेचे प्रसंग फँटम या अतिवेगवान कॅमेऱ्यावर सेकंदाला हजारो फ्रेम्सने घेतलेत. गोळी गालातून जाते तेव्हा आधी सौंदर्य दिसतं आणि मग घृणा येते. वडाळा ताईंनी किंमत म्हटलं ना, ती इथे मोजली जाते.

वडाळा_वाचनालय
जजसाहेब, तुमच्या उदाहरणाने माझा मुद्दा सोपा झाला. तिथे हिंसा बघताना डोळा थांबवतात, पळू देत नाहीत.

माटुंगा_पूर्व
शाईदौत यांचा प्रसंग जाहीर दाखवायचा तर सेन्सॉरकडे जावं लागेल का?

जजसाहेब
इंटरनेटवर चढवायला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही. चित्रपटगृहात किंवा सभागृहात जाहीर दाखवायला लागतं. महोत्सवांना सूट मिळते, ती आयोजकांनी घ्यायची असते. २०२३ च्या दुरुस्तीपासून यूए चे ७, १३ आणि १६ वर्षांचे तीन टप्पे झालेत. रक्त पांढरं आहे म्हणून सवलत मिळेल अशी आशा ठेवू नका, कृत्य काय दाखवलंय ते पाहतात.

पर्जन्यवृक्ष
पावसाबद्दल कोणी बोललंच नाही! समोरून उजेड टाकलात तर पाऊस दिसणारच नाही. दिवा पावसाच्या मागे, कॅमेऱ्याच्या बाजूला तोंड करून, आणि त्याच्या मागे काळोख. थेंब सेकंदाला सहा ते नऊ मीटर वेगाने पडतो, म्हणजे १/५० शटरवर बारा ते अठरा सेंटीमीटरची रेघ मिळते. १/१०० वर ती निम्मी होते आणि मिलरची वाटत नाही. जुलैत गच्चीवरून नुसता पाऊस काळ्या पार्श्वभूमीवर चित्रित करून ठेवा आणि कलाकारावर 'स्क्रीन' मोडमध्ये (काळं गळून फक्त उजळ भाग उरतो) चढवा. जवळचा आणि लांबचा असे दोन थर घ्या, जवळचा किंचित धूसर. कलाकाराचे केस आणि खांदे मात्र खरेच ओले हवेत, नाहीतर पाऊस त्याच्या पुढून पडतो, अंगावर पडत नाही. पावसात फक्त बॅटरीचे दिवे. एक्स्टेन्शन बोर्ड गच्चीवर नेऊ नका.

गिरगाव_नाका
जाता जाता बघणाऱ्यांसाठी: टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, ब्राइटनेस वाढवू नका, खोलीत अंधार करा. वाढवलेल्या ब्राइटनेसमध्ये काळा भाग करडा होतो आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. डिस्कवर चारही कथा सुट्या लावलेली 'रीकट' आवृत्ती आहे. पुस्तकाशी ताडून बघायला तीच सोयीची.

शाईदौत
रंगशून्य यांच्या दोन थरांच्या कर्व्हने माझ्या तक्रारीला धक्का दिलाय खरा. चेहऱ्यापुरता राखाडी मान्य. भिंती, कोट, रस्ता यांवरचा मान्य नाही, आणि चित्रपटात तिथेही तो आहे. २०१४ च्या दुसऱ्या भागात तर त्रिमितीच्या नादात चित्राची खोली वाढली आणि शाई आणखी पातळ झाली. सपाटपणा हाच मिलरचा प्राण, त्याला खोली कशाला द्यायची?

चौकटराजा
दुसऱ्या भागाबद्दल एकमत. पहिल्याबद्दल भांडण चालू ठेवू.

काळाकोट
शाईदौत, मखमल घ्याल तेव्हा तंतूंची दिशा बघून घ्या. हात वरून खाली फिरवल्यावर ज्या बाजूने जास्त काळं दिसतं ती बाजू कॅमेऱ्याकडे. दोन तुकडे जोडायचे असतील तर दोन्हींची दिशा एकच ठेवा, नाहीतर जोडावर उभी रेघ दिसते आणि ती कर्व्हनेही जात नाही.